पाचव्या गाण्यातली बाई

‘दुसऱ्या भागातल्या पाचव्या गाण्यात मागे कोणीतरी बाई बोलते. मुद्दाम ठेवलीय का मिक्सिंग करताना झोपा काढत होते हे लोक?’ असं कोणा चंदनने लिहिलं होतं, आणि मृणालिनीने ते शेअर रिक्षात, दोन बायकांच्या मध्ये अंग चोरून बसलेली असताना वाचलं. वाचता वाचता तिचा अंगठा स्क्रीनवर तसाच राहिला. गाण्यांत बाई होतीच, रीमा गायची ती. पण चंदनने लिहिलं होतं मागे, आणि लिहिलं होतं बोलते. गोल्डन नेस्टचं सर्कल गेलं, तिचा नाका गेला, शेजारची बाई उतरली, दुसरी कोणी कोथिंबिरीची पिशवी मांडीवर घेऊन चढली. रिक्षावाल्याने आरशातून ‘मॅडम, आपको किधर जाना है?’ विचारलं. होती तिथेच ती उतरली आणि आलेला रस्ता उलटा चालायला लागली.

गेले तीन आठवडे ती ही मतं वाचत होती. बँडचं नाव खाडीपूल. अल्बमचं नाव ‘भरती-सुकती’, जोडअल्बम, पहिला भाग भरतीचा आणि दुसरा ओहोटीचा. गाणी आणि चाली धनेशच्या. धनेश म्हणजे दोन वर्षांपूर्वीपर्यंत तिचा नवरा. अल्बम आल्यापासून तिने त्यातलं एकही गाणं ऐकलं नव्हतं, आणि मतं मात्र पाठ केली होती. हा वेडेपणा आहे हे तिला कळत होतं. पण गाणी ऐकली असती तर धनेशला काय म्हणायचंय ते कळलं असतं, आणि तेवढी छाती तिला नव्हती. परक्या लोकांना काय वाटतं हे वाचायला छाती लागत नाही. त्यांच्यात एकमत म्हणून नव्हतं. एक म्हणायचा मराठीत असं काही झालंच नव्हतं, त्याच्याखाली दुसरा म्हणायचा न झालेलंच बरं होतं. कोणाला गिटार आवडली होती, कोणाला गिटारमुळे शब्द कळत नव्हते. ‘एका अल्बमचा ऐवज दोनांत ताणलाय.’ ‘उत्तनचा पोरगा ना हा, मग कोळीगीत कुठाय?’ ठाण्याच्या एका सार्थकने सल्ला दिला होता की दोन्ही भाग एका बैठकीत ऐकू नयेत, मध्ये जेवून घ्यावं. त्याला ती हसली होती. पण एका बाबतीत बहुतेकांचं जमत होतं आणि तेच तिला रोज नव्याने लागायचं. पहिला भाग उडवला असता तरी चाललं असतं, असं त्यांचं म्हणणं होतं. गोडमिट्ट आहे, भरताड आहे, लिहिणारा माणूस तेव्हा सुखी असणार आणि सुखी माणसाला रॉक झेपत नाही. खरा माल सुकतीत आहे. भरतीतली सगळी गाणी लग्नाच्या वर्षांत झाली होती, तिच्या डोळ्यांदेखत, भाईंदरच्या त्या वन-रूम-किचनमध्ये, काही तर ती भाकऱ्या थापत असताना. म्हणजे नालासोपाऱ्यापासून नाशिकपर्यंतची माणसं मोकळेपणी सांगत होती की तुझी ती वर्षं नसती तरी अल्बमचं काही अडलं नसतं. यावर भांडायला जायचं तर कोणाशी?

घरी तिचे वडील बातम्या बघत होते, आवाज इतका की खालच्या मजल्यावरच्यांना वेगळा टीव्ही घ्यायची गरज नाही. आत्मारामांना हल्ली ऐकायला कमी यायचं आणि ते कबूल करायला त्याहून कमी. अल्बम आला त्या दिवशी तिने त्यांना सांगितलं होतं, धनेशचं आलंय म्हणून, तर त्यांनी आवाज न कमी करता विचारलं होतं, ‘दोन-दोन कशाला काढले? एकात मावलं नाही का?’ जावयाबद्दल ते एवढंच बोलले. आज ती चप्पल काढून सरळ गॅलरीत गेली, वॉशिंग मशीन आणि कपड्यांच्या स्टँडमध्ये जेमतेम उभं राहता येतं तिथे उभी राहिली, कानात इअरफोन घातले आणि बाकीची सगळी गाणी डोळे मिटून ओलांडत सुकतीतल्या पाचव्यावर आली. ‘केबिन रोड’, भाईंदरच्या बाजाराचा रस्ता. हे गाणं तिला माहीत होतं. नवीन संसाराची खरेदी होती त्यात, पितळी डबा आणि दाराशी टाकायचं पायपुसणं, आणि गर्दीत एकमेकांना शोधणं. आता त्यात दुकानं बंद होती. शटरं खाली होती. रीमा छान गायली होती, हे मृणालिनीने नाक मुरडत का होईना मान्य केलं. मग ती जागा आली जिथे सगळी वाद्यं एकदम थांबतात. तिला ती जागा आठवत होती, ड्रमवरचा जितेंद्र तिथे काठ्या हवेत धरून बसायचा. आणि त्या शांततेत, समोरच्या बिल्डिंगमधून यावा एवढ्या लांबून आवाज आला, ‘थांब जरा, मी आले.’ अर्धा गायलेला, अर्धा नुसता बोललेला, ठेक्याच्या किंचित आधी. लगेच त्याच्यावर रीमाचा आवाज चढला, ‘थांबू नको, मी गेले.’ मृणालिनीने गाणं मागे घेतलं. परत ऐकलं. तिसऱ्यांदा ऐकताना तिच्या लक्षात आलं की आपण मशीनचं झाकण दोन्ही हातांनी घट्ट धरलंय. ती स्वतःच होती ती.

गायिका ती कधीच नव्हती. शाळेत समूहगीतात तिला मागच्या रांगेत उभं करायचे आणि तोंड हलव म्हणायचे. पण ड्रम आणि गिटार रेकॉर्ड करायचे तर वाजवणाऱ्यांना कुठे आहोत ते कळावं लागतं, म्हणून कोणीतरी आधी गाणं नुसतं म्हणून ठेवतं. त्याला गाईड म्हणतात. तो आवाज वाजवणाऱ्यांच्या कानात सोडतात, त्याच्या आधाराने सगळे वाजवतात, खरी गायिका येऊन गाते, आणि मग गाईड पुसून टाकतात. रीमा पुण्याला असायची, तिला सारखं बोलावणं परवडणारं नव्हतं, मग धनेश म्हणाला, तूच म्हण ना, कोण ऐकणार आहे. जितेंद्रचा स्टीलच्या भांड्यांना पॉलिश करायचा गाळा होता भाईंदर पूर्वेला. सुट्टीच्या दिवशी मशीनं बंद असली की तिथे ते ड्रम मांडायचे. सगळीकडे काळी पूड, नळाखाली हात धुतले तरी नखांत राहायची. एका कोपऱ्यात रचलेल्या तांब्यांच्या आड गोधड्या टांगून तिच्यासाठी खोली केली होती आणि त्या गोधड्या तिनेच घरून आणल्या होत्या. तिथे बसून तिने धनेशची गाणी म्हटली, सगळी, पुन्हा पुन्हा, घसा बसेपर्यंत. पॉलिशच्या मशीनपाशी आयुष्य घालवून जितेंद्रचा एक कान जवळजवळ गेला होता, त्यामुळे हेडफोनचा आवाज तो पूर्ण वर ठेवायचा. ‘वहिनी, तुम्ही पुढे पळताय,’ तो ओरडायचा, आणि ती खरंच पुढे पळायची. घाई असायची तिला. घरी जाताना केबिन रोडवरून भाजी घ्यायची असायची. ‘थांब जरा, मी आले’ ही ओळही तिचीच, म्हणजे तिने रचलेली नव्हे, रोज दाराशी चपला शोधताना म्हटलेली. धनेश जिन्यावरून खाली उतरलेला असायचा आणि ती आतून ओरडायची. एक दिवस ती ओळ गाण्यात आली. तेव्हा तिला किती आनंद झाला होता, हे आता आठवलं की लाज वाटायची, एवढा झाला होता.

तिने बांधलेला अर्थ सोपा होता. जितेंद्रच्या हेडफोनमधून तिचा आवाज बाहेर सांडला, ड्रमच्या माइकने तो पकडला, आणि बाकी गाणंभर तो ठोक्यांखाली दडला. फक्त सगळं थांबतं तिथे त्याला आडोसा उरला नाही. इथपर्यंत सगळं यंत्राचं. पण धनेशने ते गाणं किती वेळा ऐकलं असेल? तो एका सुराच्या शेपटीसाठी रात्रंदिवस बसणारा माणूस. त्याने शब्द बदलले, आलेचं गेले केलं, आणि तरी खालची ती ओळ राहू दिली. म्हणजे त्याला ती हवी होती. याच्या पुढे जायचं नाही असं ती स्वतःला बजावत होती आणि दर वेळी पुढे जात होती. तेवढ्यात उत्तनहून शांताबाईंचा फोन आला. शांताबाई धनेशची आई. कोर्टात म्युच्युअल घटस्फोटावर सह्या झाल्या, तरी शांताबाईंनी आपला हिशोब वेगळा ठेवला होता. महिन्यातून एकदा फोन असायचाच, निमित्त सुक्या बोंबलांचं नाहीतर मृणालिनीच्या वडिलांच्या गुडघ्याचं. मागे वारा ऐकू यायचा आणि कावळे. बोंबील बांबूंवर वाळत टाकताना त्या फोन छातीशी खोचून गाणी लावायच्या. ‘मिरनाल, तुजा आवाज हाय गो त्या गान्यान,’ त्या म्हणाल्या. ‘माना पयल्या दिसालाच आयकू आला. बाया बोलल्या न्हाय, रीमा हाय ती. मी बोलली, माजी सून हाय, चपला शोदते.’ मृणालिनीला हसू आलं आणि त्याच हसण्यात रडूही आलं. ‘आई, तुम्ही धनेशला विचारलंत?’ ‘त्याला काय इचारू? त्याने बनवलंय, त्याला म्हाईत न्हाय काय?’ हे इतकं सरळ होतं की त्या रात्री तिला झोप गाढ लागली.

यानंतरचे दिवस वाईट गेले, कारण ते फार चांगले गेले. भाईंदरच्या सीएच्या ऑफिसात ती लोकांचे आकडे तपासायची आणि मध्येच तिच्या चेहऱ्यावर काहीतरी यायचं, की समोरची समिधा विचारायची, ‘काय गं, कोणी भेटलंय का?’ कोणी भेटलं नव्हतं. कोणीतरी ठेवून घेतलं होतं. चंदनच्या प्रश्नाला धनेशने उत्तर दिलं नव्हतं, आणि धनेश तर एकालाही सोडत नव्हता. गिटारवर बोलणाऱ्याला त्याने सुनावलं होतं, दुसरा भाग लांबला म्हणणाऱ्याला तीन परिच्छेद लिहिले होते, कोळीगीतवाल्याशी तर दोन दिवस जुंपली होती. गाण्याला कोणी हात लावलेला त्याला खपायचा नाही. लग्नात तिने एकदा म्हटलं होतं की हे कडवं कमी केलंस तर, तेव्हा तो जेवला नव्हता. मग फक्त चंदनपुढेच तो गप्प का? सांगता येत नसेल म्हणून. ती गप्प जागा तिने पुन्हा पुन्हा ऐकली आणि प्रत्येक वेळी तिच्यात थोडं जास्त भरलं. पण एवढ्यावर भागेना. त्याच्या तोंडून हवं होतं. सरळ फोन करून विचारणं हा एक मार्ग होता, तो कोणाही शहाण्या बाईला सुचला असता. मृणालिनीने अनुष्का पी. असं नाव घेतलं, चेहऱ्याच्या जागी सदाफुलीचं फूल लावलं, आणि ऑफिसच्या जिन्यात उभं राहून लिहिलं, ‘चंदन म्हणतायत ते बरोबर आहे. ती मागची बाई आली की गाण्याचा पार विचका होतो. एवढी मेहनत घेतलीत, मग साधी साफसफाई का नाही केलीत? तिला काढा.’ स्वतःबद्दल इतकं वाईट लिहिताना तिला कसली भीती वाटली नाही. धनेशला ती ओळखत होती. नाकाला मिरच्या झोंबल्या की तो खरं बोलतो. तो लिहील, ती तिथेच राहणार. तो लिहील, तुम्हाला काय कळतंय. कोण आहे ती, हे नाही लिहिलं तरी चालेल.

दिवसभर काही आलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. संध्याकाळी केबिन रोडवर ती उशांचे अभ्रे बघत होती, दुकानदार गुजरातीत कोणाशी तरी फोनवर वाद घालत एका हाताने तिच्यापुढे रंग पसरत होता, आणि तिचा फोन थरथरला. तिने अभ्रा हातात धरूनच वाचलं. ‘धन्यवाद अनुष्का. खरं सांगायचं तर हे लक्षातच आलं नव्हतं. आत्ता नीट ऐकलं. ड्रमच्या माइकमध्ये गाईड ट्रॅक शिरलाय. गाईडकडे आपलं लक्ष नसतं ना, कान आपोआप ते वगळतो. या आठवड्यात साफ करून नवीन फाइल टाकतो. तुमचे कान फार चांगले आहेत.’ शेवटी हात जोडल्याची खूण होती. ‘बेन, ये वाला दूँ?’ दुकानदाराने विचारलं. ती हो म्हणाली. नंतर घरी बघितलं तर अभ्रे जांभळे होते आणि डबल बेडचे होते.

चिडला असता तरी तिने सोसलं असतं. खोटं बोलला असता तरी. पण तो नम्र होता. त्याच्या मनात काही नव्हतं म्हणून तो नम्र होता, आणि हे तिला त्या हात जोडण्यावरून इतकं स्वच्छ कळलं की शंका घ्यायलाही जागा राहिली नाही. तिने ज्या शांततेत घर बांधलं होतं तिथे तो कधी आलाच नव्हता. कान आपोआप ते वगळतो. लग्नाची सगळी वर्षं या एका वाक्यात बसत होती. ‘हेडफोन काढ ना’ हे तिने त्या घरात सगळ्यात जास्त वेळा म्हटलेलं वाक्य. ती त्याच्या समोर उभी राहून बोलायची, वडिलांचं ऑपरेशन ठरलंय, मला एकटीला भीती वाटते, तो मान हलवायचा, ती बोलत राहायची, आणि मग तो एका कानावरचं उचलून विचारायचा, ‘काही म्हणालीस?’ तो वाईट नव्हता. बाहेर बाई नव्हती, दारू नव्हती, हात उचलणं नव्हतं. त्यामुळे घर सोडताना कोणाला कारण सांगता येईना. तिच्या आईच्या वयाच्या बायका विचारायच्या, मग त्रास काय होता? मला ऐकू येईनाशी झाले होते मी, असं कसं सांगणार. आणि गंमत अशी की अनुष्का पी.चं एक वाक्य त्याने ऐकलं होतं. तिच्या कानांचं कौतुक केलं होतं. सदाफुलीच्या फुलाला मिळालं ते मृणालिनीला कधी मिळालं नव्हतं, आणि त्या फुलाचा तिला इतका राग आला की तिने फोन उशीखाली दाबून ठेवला.

आठवडा होता हातात. एक ओळ लिहिली असती तर थांबलं असतं. तिने ती अनेकदा लिहिली. ‘राहू दे, मी आहे ती.’ ‘धनेश, ओळख बघू कोण.’ ‘काढू नकोस.’ काढू नकोस हे सगळ्यात सोपं होतं आणि तेच बोटाखालून सुटेना. मागून घेऊन राहण्यात काय अर्थ आहे, असं तिने स्वतःला ऐटीत विचारलं. ऐट खोटी होती. तिला राहायचं होतं, खालच्या थरात, ठोक्यांच्या आड, कोणालाही न दिसता, पण राहायचं होतं. फक्त तिथे तिला कोणी मुद्दाम ठेवलेलं हवं होतं. न मागता. एवढीशी गोष्ट. तिने वडिलांच्या बातम्या त्यांच्याबरोबर बसून बघितल्या. ते तिच्याकडे बघून आवाज कमी करत म्हणाले, ‘बरं नाही वाटत का तुला?’ त्यांनी आवाज कमी केला म्हणूनच ती उठून आत गेली.

नवीन फाइल आली त्या दिवशी मतं पुन्हा दुभंगली. ‘आता कसं स्वच्छ वाटतंय.’ ‘बँड ऐकतो लोकांचं, मानलं.’ सार्थकने लिहिलं, ‘अरे, ती बाई कुठे गेली? मी त्या जागेसाठी गाणं लावत होतो.’ त्याच्याखाली कोणीतरी हसल्याची खूण टाकली होती. मृणालिनीने गॅलरीत जाऊन ऐकलं. वाद्यं थांबली. शांतता आली. ती खरोखरची शांतता होती, धुतलेली. तिच्यात जितेंद्रच्या गाळ्याची हवासुद्धा नव्हती. मग रीमा म्हणाली, थांबू नको, मी गेले. आणि मृणालिनीला जाणवलं की तिच्या स्वतःच्या तोंडून, ठेक्याच्या थोडं आधी, ते जुने शब्द निघून गेले होते आणि समोरच्या खिडकीतली बाई भांडी घासता घासता वर बघत होती.

शांताबाईंचा फोन रविवारी सकाळी आला. त्यांनी बोंबलांची गोष्ट काढली नाही, गुडघ्याची काढली नाही. ‘मिरनाल, तू न्हाय गो आता त्यान,’ त्या म्हणाल्या. ‘माना वाटलं माजाच फोन बिघडला. शेजारनीच्या फोनवर लावून बगितलं. तितं पन न्हाय.’ मागे वारा होता. ‘धनाला फोन केला. तो बोलतो, आये, कोन अनुष्का हाय, तिने सांगितलं काडा. मी बोलली, कोन ती? तुजी कोन लागते? माज्या सुनेला काडाय सांगनारी ती कोन? तो बोलतो, आये, कोन सून, कोन होतं तितं? त्याला काय कललंच न्हाय गो.’ त्या दम घ्यायला थांबल्या. ‘तुला म्हाईत हाय ती? कोन हाय ती बाई?’

मृणालिनी गॅलरीतल्या पायरीवर खाली बसली. नाही म्हणणं सोपं होतं. शांताबाईंनी त्या अनुष्काला दोन-चार शिव्या घातल्या असत्या, आणि त्या ऐकून बरंही वाटलं असतं.

‘मीच आहे ती, आई,’ ती म्हणाली. ‘मीच लिहिलं तसं. मला वाटलं, तो नाही म्हणेल.’

कावळे ओरडत होते आणि लांबून कोणीतरी शांताबाईंना हाक मारत होतं. त्यांनी ओ दिली नाही. त्या रागावतील, असं मृणालिनीला वाटलं, किंवा रडतील, किंवा धनाला सांगते म्हणतील. त्यांनी यातलं काही केलं नाही. त्या म्हणाल्या तेव्हा त्यांचा आवाज अगदी साधा होता, बाजारात वस्तू संपल्यावर विचारतात तसा.

‘मंग आता मी तुला कुठं आयकू गो?’

मृणालिनीने फोन कानाशी आणखी जवळ धरला. आतून वडिलांनी विचारलं, ‘कोणाचा फोन आहे?’